जी ग्रंथी नव्हतीच

लघवीची जळजळ घेऊन तो तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःवरच वैतागलो होतो. अँटिबायोटिकचे दोन कोर्स देऊन झाले होते, लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, म्हणजे कल्चरमध्ये, दोन्ही वेळा काहीच वाढलं नव्हतं आणि जळजळ जागच्या जागी. वय तिशीच्या आसपास, दाढी, भरदार आवाज, केसपेपरवर ‘पुरुष’. तरुण पुरुषाला मूत्रमार्गाचा संसर्ग सहसा होत नाही. पुन्हा पुन्हा होत असेल तर मूळ शोधावं लागतं. म्हणून हातमोजा चढवला आणि म्हणालो, “आज प्रोस्टेट तपासून बघू.”

तो थोडा वेळ हातमोज्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “डॉक्टर, ती ग्रंथी माझ्याकडे नाही.”

“ऑपरेशन कधी झालं?” असं मी विचारलं. हो, खरंच विचारलं.

मग हातमोजा काढून समोर बसलो आणि बराच वेळ फक्त ऐकलं. तो ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला. चार वर्षं टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं चालू. छातीचं ऑपरेशन झालेलं, गर्भाशय आणि बीजकोश मात्र आहेत. पाळी तीन वर्षांपासून बंद.

“आधी का नाही सांगितलंत?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“दोन्ही वेळा सांगायचं ठरवून आलो होतो. तुम्ही कोणती औषधं चालू आहेत, एवढंही विचारलं नाहीत.”

यावर काय बोलणार? धडधाकट तरुण दिसला की तो प्रश्न मी गाळतो, हे मला तेव्हाच कळलं. मी शिकलो तेव्हा हा सगळा विषय मानसोपचाराच्या पुस्तकात होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत तो मानसिक आजारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला, २०२२ पासून ते लागूही झालं. माझ्या डोक्यातलं कपाट मात्र जुन्याच मांडणीचं.

मग एरवी घाईत राहून जाणारे प्रश्न परवानगी घेऊन विचारले. जोडीदार पुरुष. कंडोम कधी वापरायचे, कधी नाही. “पाळीच नाही, मग दिवस कसे राहतील?” तो म्हणाला. हा समज सर्रास दिसतो आणि घातक आहे. पाळी थांबली तरी बीज सुटू शकतं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे. वर गर्भ राहिलाच तर त्याला या औषधापासून अपाय होऊ शकतो. आधी गर्भचाचणी केली. निगेटिव्ह आली तेव्हा दोघांचाही श्वास मोकळा झाला. तांबी, हार्मोनची तांबी, दंडातलं इम्प्लांट, सगळं समजावलं. “विचार करून सांगतो,” म्हणाला.

कांडीवर नमुना, म्हणजे स्वॅब, मी घेणार म्हटल्यावर त्याचे खांदे आखडले. योनिमार्गाचा स्वॅब पेशंटनं स्वतः घेतला तरी चालतो, निदानात फरक पडत नाही. कांडी हातात दिली, किती आत घालायची ते सांगितलं. दोन मिनिटांत तो बाथरूममधून परतला. संध्याकाळी लॅबचा फोन: “डॉक्टर, पेशंट पुरुष आणि स्वॅब योनिमार्गाचा? काहीतरी चुकलंय.” चुकलं नाहीये, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

रिपोर्ट आला: क्लॅमिडिया. शरीरसंबंधांतून पसरणारा हा जंतू पेशींच्या आत राहतो, लघवीच्या नेहमीच्या कल्चरमध्ये वाढतच नाही. मी मात्र त्या कोऱ्या रिपोर्टांवर विसंबून होतो. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. जोडीदारालाही उपचार, तोवर संबंध बंद.

जळजळ उतरली, पण कोरडेपणा आणि चुणचुण राहिली. ती टेस्टोस्टेरॉनमुळे, तिथली त्वचा पातळ होते. त्यावर योनिमार्गात ठेवायची इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची अगदी कमी मात्रेची गोळी असते. नाव ऐकताच तो ताठ झाला. “तेच हार्मोन? ज्याच्यापासून मी पळालो?” रक्तात फारच थोडं जातं, दाढी-आवाजाला धक्का लागत नाही, हे सांगितलं. गोळी त्याला पटली नाही. सध्या साध्या वंगणावर भागवू म्हणाला. भागवू या, म्हटलं.

तीन महिन्यांनी फेरतपासणी निगेटिव्ह आली. त्याच दिवशी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा स्वॅबही त्यानं स्वतःच घेतला, कारण गर्भाशयमुख आहे तोवर ती तपासणी आहेच. निघताना दाराशी थांबला. “डॉक्टर, जोडीदाराला बाहेर बसवलंय. त्याला प्रोस्टेट आहे. पण आधी औषधं विचारा.”