३०० डीपीआय म्हणजे नक्की काय मागतात?

प्रेसवाला म्हणतो ३०० डीपीआयची, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलची (पिक्सेल म्हणजे फोटो बनतो ते बारीक ठिपके), फाईल पाठवा, की लगेच बरेच जण काय करतात, फोटोशॉपात इमेज साइज उघडायचं, रिझोल्यूशनच्या रकान्यात ७२ खोडून ३०० टाकायचं, सेव्ह, झालं काम. पण पिक्सेल आहेत तेवढेच आहेत ना! रीसॅम्पलची (नवे पिक्सेल बनवण्याची) टिक काढलेली असेल तर फक्त इंचातला साइज कमी होतो, आणि टिक असेल तर पिक्सेल वाढलेले दिसतात खरे, पण ते शेजारच्यांवरून अंदाजाने भरलेले असतात, म्हणजे पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी.

त्यामुळे मी आधी भागाकार करतो. पत्रिकेसाठी व्हॉट्सॲपवरून फोटो आला, १२०० बाय १६०० पिक्सेल. ३०० ने भागला की ४ इंच बाय साधारण सव्वापाच इंच, तेवढ्यात छापा, झकास येईल. तोच एफोर भरून ताणलात तर इंचाला जेमतेम १३७ पिक्सेल उरतात, कारण पूर्ण एफोरला २४८० बाय ३५०८ लागतात. म्हणून ओरिजिनल फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं मी जाम मागे लागून सांगतो, तरी लोक डीपीचा स्क्रीनशॉटच पाठवतात ते सोडा.

आता कोरलमधून (डिझाइनचं सॉफ्टवेअर) जेपेग एक्सपोर्ट करताना मात्र तो रिझोल्यूशनचा आकडा खरंच कामाचा असतो, कारण अक्षरं आणि लोगो व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांच्या गणितावर बनलेले, असतात आणि त्यांचे पिक्सेल तिथेच पहिल्यांदा बनतात, ३०० दिलं की कडा एकदम कडक. पण त्याच पानात टाकलेला फोटो होता तसाच राहतो. मग पत्रिकेत ‘शुभविवाह’ धारदार आणि नवरा-नवरी धुरकट. (जमत असेल तर पीडीएफच द्या, अक्षरं व्हेक्टरच राहतात.)

हे ३०० आलं ऑफसेटवरून, म्हणजे प्रेसमधल्या प्लेटच्या छपाईवरून, तिथे स्क्रीन (छपाईच्या ठिपक्यांची जाळी) साधारण इंचाला १५० लाइनची, तिच्या दुप्पट पिक्सेल धरायचे. फ्लेक्सला हा हिशोब कशाला? १० बाय २० फूट ३०० ने केलात तर ३६,००० बाय ७२,००० पिक्सेल होतात, जेपेगची मर्यादाच एका बाजूला ६५,५३५ आहे, फाईल बनणारच नाही. लोक रस्त्याच्या पलीकडून बघणार, ७२ भरपूर झालं. मी तर एक दशांश साइजला ७२० ठेवून डिझाइन करतो, फक्त फाईलच्या नावातच तसं लिहायचं, नाहीतर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स १ बाय २ फुटांचा छापून यायचा.