अजून २०५ शोधायची

शनिवारची सकाळची शाळा. परिपाठ आटोपला आणि सहावीची पोरं घेऊन मी शाळेमागच्या गांडूळखताच्या बेडकडे गेले. खत काढायचा दिवस होता. चार दिवस आधीच पाणी मारायचं बंद केलं होतं, म्हणजे वरचा थर सुकतो आणि गांडुळं ओल शोधत खाली उतरतात. मग वरचं काळं, चहापत्तीसारखं खत हातानं अलगद ओढून घ्यायचं. फावडं, खुरपं काही लावायचं नाही. तुटलेल्या गांडुळाची दोन होतात असं अर्ध्या गावाला वाटतं. होत नाहीत, बहुतेकदा ते मरतंच.

आमची ही गांडुळं कृषी विज्ञान केंद्रातून आणलेली, तांबूस, बोटाएवढी. त्यांना एकदा मीच मरायला टाकलं होतं. जूनमध्ये पोषण आहाराची खिचडी बरीच उरली, ती वाया कशाला म्हणून मी बेडमध्ये ओतली. मीठ, तिखट, तेल, सगळ्यासकट. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर गांडुळं विटांवर चढलेली, काही छपराच्या खांबापर्यंत पोचलेली. मीठ त्यांच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, आणि गांडूळ श्वास घेतं ते त्या ओल्या कातडीनंच. आम्ही ती परत गोळा केली, शेणाच्या नव्या थरावर सोडली आणि त्यानंतर बेडमध्ये फक्त भाजीची देठं, सालं, पालापाचोळा. एवढं सगळं पोरांना पाठ होतं.

तर त्या शनिवारी खत ओढता ओढता एका पोरीच्या हाताला काहीतरी कडक लागलं. तिनं उपसून वर धरलं. वीतभरापेक्षा थोडं कमी, पांढरं स्वच्छ हाड.

चूक माझीच. आदल्याच दिवशी ‘आपली अस्थिसंस्था व त्वचा’ हा धडा घेतला होता. माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं. त्यामुळे हाड म्हटल्यावर ते माणसाचंच, यात कुणाला शंका राहिली नाही. एकजण ओरडला, “बाई, अजून २०५ शोधायची!” आणि सगळे कोपरापर्यंत हात घालून बेडमध्ये घुसले. आणखी दोन निघाली, अगदी तशीच.

तोवर पाण्याला म्हणून गेलेलं एक पोरगं कुंपणापलीकडे बातमी देऊन आलं होतं. वीस मिनिटांत दोन आया, पारावरचे तिघं आणि त्यांच्यामागे पोलीस पाटील. “मॅडम, शाळेत मुडदा पुरलाय म्हणं?” त्यांनी मोबाइल हातातच धरला होता.

खरं सांगायचं तर मला ते हाड ओळखता आलं नाही. चौदा वर्षं मी सांगाडा शिकवते आहे, पण तक्त्यावरचा. ही मांडीची, ही दंडाची, सगळं छडीनं दाखवून. हातात सुटं हाड घेऊन हे कुठलं, असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. एवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या मावशी पदराला हात पुसत आल्या, हाड घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, “बोकडाचा पाया हाये ह्यो. गटारीला कुणीतरी फेकलाय. येवढं बी कळंना?”

पाटलांनी मोबाइल खिशात घातला. पण ते गेले नाहीत, कारण मावशींचं पुढचं बोलणं सगळ्यांनाच ऐकायचं होतं. त्यांनी हाडाचं खालचं टोक दाखवलं. दोन गोल गाठी, मध्ये खाच. “दोन खुरं असत्यात ना, म्हणून दोन.”

मग माझी ट्यूब पेटली. बोकडाच्या पायाची ही नळी मुळात दोन हाडांची असते. ती जुळून एक होतात, पुढच्या बाजूला बारीक खोबण तेवढी राहते आणि खालची टोकं मात्र वेगळीच. पुढच्या पायाची नळी असेल तर ती दोन हाडं म्हणजे आपल्या तळहातातली मधल्या बोटामागची आणि अनामिकेमागची. लगेच सगळे आपापला पंजा दाबून बघायला लागले, पाटीलसुद्धा. “मग माणसाची जुळतात का, बाई?” जुळतात. जन्मलेल्या बाळाला ३००च्या आसपास हाडं असतात, जुळत जुळत ती २०६वर येतात. यावर पारावरच्या आजोबांनी “म्हंजी म्हातारपणी कमीच” असा शेरा मारला.

पुढचा प्रश्न खरा अवघड होता. गांडुळांनी सालं खाल्ली, पाला खाल्ला, हाड का नाही? गांडुळाला दात नसतात. जिवाणूंनी कुजवून मऊ केलेलं ते गिळतं आणि पोटातल्या पेषणीत वाळूच्या कणांबरोबर दळतं. हाडातला कॅल्शियम फॉस्फेट असा दोन महिन्यांत मऊ होत नाही. बरं, गांडुळाला स्वतःला एकही हाड नाही, तरी ते मातीत घुसतं कसं? त्यासाठी मी पेप्सीकोल्याची आठवण दिली. वितळलेल्या पेप्सीकोल्याची पिशवी एका टोकाला दाबली की दुसरं टोक ताठ होतं. गांडुळाचं तसंच, आत पाणी, बाहेर स्नायूंचा दाब.

“पण बोकड दूध पीत नाही, तरी त्याची हाडं एवढी कडक कशी?” हे विचारणारी पोरगी शाळेतलं दूध नेहमी मागे सारते, तेव्हा तिचा डाव मला कळला. पाल्यातही कॅल्शियम असतं हे कबूल करावं लागलं. वर नाचणीचं सांगितलं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तेवढ्याच गाईच्या दुधात १२०च्या जवळपास. जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरउतारावर नाचणी होते, पण काळी भाकरी म्हणून आमची पोरं नाक मुरडतात. मावशी एवढंच म्हणाल्या, “मी सांगून दमले.”

सोमवारी मी कोंबडीच्या तंगडीचं हाड बरणीत घालून वर व्हिनेगर ओतलं. ते स्टँडवरच्या चायनीजच्या गाडीवाल्यानं दिलं, फुकट, पण काय करणार ते सविस्तर विचारून. रोज एकजण काठीनं हाड ढोसून बघायचा. शुक्रवारी बाहेर काढलं तर ते रबरासारखं वाकत होतं. आम्लात हाडातलं कॅल्शियम विरघळून जातं आणि उरतं ते चिवट प्रथिन, कोलॅजन. हाड हातोहात फिरलं, एकानं त्याची गाठ मारायचा प्रयत्न केला.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एकजण हळूच टेबलापाशी आला. “बाई, ओरडणार नसाल तर सांगतो. गटारीला पाया आमच्यात होता. पण आम्ही दोनच टाकल्यात.”

“मग तिसरा?”

त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. पाटलांचं घर शाळेला लागूनच आहे.