मी कायम शेवटी का असतो

"काका, बुलेट आहे तुमची, आणि तुम्ही सगळ्यांच्या मागे?"

दर ट्रिपला कुणीतरी हे विचारतंच. कधी टपरीवर भेटलेल्या दुसऱ्या ग्रुपमधला पंचविशीचा पोरगा, कधी आमच्यातच नव्याने आलेला कुणी. आवाजात काळजी असते. गाडीची की माझ्या वयाची, ते कळत नाही. गाडी ठणठणीत आहे. वय चौपन्न. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आमची वारी ठरलेली. शनिवारी उजाडायच्या आत पुणं सोडायचं, कापूरहोळला हायवेवरून आत वळायचं, भोर, मग नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वरंधा घाट. खाली उतरून महाड, तिथून पोलादपूर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला मुक्काम. रविवारी पाचगणी, पसरणी घाट, वाई आणि घर. सगळं मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपास. कारनं हे एका दिवसात होतं, हे घरच्यांनी आम्हाला पुष्कळदा समजावून झालंय. पावसाळ्यात दरडींमुळे वरंधा बऱ्याचदा बंद ठेवतात, म्हणून आम्ही ऑक्टोबरपर्यंत कळ काढतो. तेव्हा डोंगर अजून हिरवे असतात आणि रस्ता कोरडा. खड्डे असतातच, त्यांना ऋतू नाही.

पूर्वी मी पुढे असायचो. बुलेट जुनी, उजव्या पायाला गिअर आणि डाव्याला ब्रेक असलेली. तिच्यावर बसलं की आपण पुढेच असायला हवं, असा माझा एक समज होता. मागे बघायची सवय नव्हती. आरसा होता, पण बुलेटच्या आरशात रस्त्यापेक्षा थरथर जास्त दिसते, अशी माझी पळवाट तयार असायची.

अशाच एका ऑक्टोबरात आम्ही घाटमाथ्यावर वाघजाईच्या देवळाजवळ थांबलो. समोर कोकण उघडलेलं, खाली दरीत ढग अडकलेले, हातात कांदाभजी. पहिली प्लेट संपली, दुसरी आली, आणि डॉक्टर म्हणाला, "सर कुठायत?"

सर म्हणजे आमच्यातले शाळामास्तर. गाडी त्यांची सगळ्यात लहान, म्हणून आपोआप शेवटी. मोबाइल काढले तर एकालाही रेंज नाही. मी उलटा निघालो. हिर्डोशीच्या अलीकडे सर एका दगडावर बसून शांतपणे शेंगदाणे खात होते. क्लचवायर तुटली होती. शेवटचं हॉटेल सोडल्यानंतर तीन वळणांतच तुटली असणार, म्हणजे पाऊण तास ते तिथे एकटे होते. मी चिडचिड ऐकायच्या तयारीनं गेलो होतो. ते फक्त एवढंच म्हणाले, "मला वाटलं, पुढच्या वळणावर तुमच्या लक्षात येईल."

त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जादा वायर कुणाकडेच नव्हती. मग गाडी उताराकडे तोंड करून दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, धावत ढकलली, इंजिन पकडलं तसे सर न थांबता भोरच्या दिशेनं सुटले. क्लच नसला तरी गाडी चालते; थांबता मात्र येत नाही, आणि रस्त्यात म्हशी आडव्या आल्या तर काय करायचं ते म्हशीच ठरवतात. भोरला वायर मिळाली, पण दिवस गेला. महाबळेश्वरचं बुकिंगही गेलं.

वायर अशी अचानक तुटत नाही, हे नंतर कळलं. आतले धागे आठवडाभर एकेक करून सुटत असतात आणि लिव्हर जड लागायला लागते. सरांना ती जड लागत होती, पण पुढे पळणाऱ्याला सांगणार कधी? आता प्रत्येकाच्या गाडीत जुन्या वायरीला समांतर नवी वायर टेपनं बांधून ठेवलेली असते. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. फाट्यावर वळण्याआधी मागचा दिसेपर्यंत थांबायचं, हा दुसरा नियम. आणि तिसरा, मी शेवटी.

शिक्षा म्हणून घेतली ती जागा, खोटं कशाला बोलू. पण मागून काय काय दिसतं ते मला ठाऊकच नव्हतं. वाघजाईपासून वरंध गावाकडे उतरताना पुढच्यांचे लाल दिवे वाचता येतात. बँकवाल्याचा दिवा वळणाआधी एकदा लुकलुकतो आणि विझतो. म्हणजे तो गिअरवर गाडी उतरवतोय. डॉक्टरचा दिवा सलग पेटलेला असला की समजायचं, गडी थकलाय, ब्रेकवर पाय ठेवूनच चाललाय. ड्रम तापत गेला की ब्रेक लागेनासे होतात, आणि तेही नेमके जिथे लागायला हवेत तिथे. मग मी हॉर्न दोनदा मारतो. ठरलेली खूण आहे. शिवथरघळीच्या फाट्यापाशी पाणी प्यायच्या निमित्तानं सगळे थांबतात. डॉक्टरला अजून वाटतं की मला सारखी तहान लागते.

घाई नसली की इतर गोष्टीही दिसतात. महाडला दुपारी सावित्रीच्या काठानं जातो तेव्हा पाणी रुंद, संथ, गढूळ. आंबेनळी चढून जुन्या महाबळेश्वराला पंचगंगेच्या देवळात गेलो की तीच सावित्री हातभर धारेतून कुंडात पडताना दिसते, शेजारी कृष्णा. एक पश्चिमेला समुद्राकडे, दुसरी पूर्वेला. रविवारी वाईच्या घाटावर ती कृष्णा आम्हाला परत भेटते. मी या रस्त्यानं पंधरा-वीस वेळा गेलो असेन, पण पुढे असताना हे कधी जुळवून पाहिलं नव्हतं. तेव्हा सगळं लक्ष पुढच्या एसटीला गाठण्यावर असायचं.

तोटा एकच. मी पोचेपर्यंत भजी गार झालेली असायची आणि खाली मिरच्या तेवढ्या उरायच्या. बरीच वर्षं गारच खाल्ली. मग वाघजाईजवळच्या टपरीवरच्या मावशींना आमच्या गाड्या ओळखू यायला लागल्या. आता पाच लागल्या की त्या चुलीवरून मान वर करून विचारतात, "बुलेटवाले मागं हायेत ना?" आणि शेवटचा घाणा तसाच ठेवतात, मी हेल्मेट काढेपर्यंत.