ती रिंगटोन वाजली की पोटात गोळा येतो

गेल्या महिन्यात ऑफिसमध्ये शेजारच्या टेबलवर कुणाचा तरी फोन वाजला आणि माझे हात गार पडले. छातीत धडधड, घशाला कोरड, काय होतंय तेच कळेना. मग लक्षात आलं, अरे ही तर ती रिंगटोन! सहा वर्षांपूर्वी बाबा आयसीयूत होते तेव्हा माझ्या फोनला हीच होती, आणि त्या दिवसांत रात्री-अपरात्री ती वाजली की काहीतरी वाईटच ऐकायला मिळायचं. बाबा बरे होऊन घरी आले, रिंगटोन मी लगेच बदलली, विषय संपला असं वाटलेलं.

पाव्हलॉव्हचे कुत्रे आपल्याला शाळेपासून माहितीयेत. हा रशियन शास्त्रज्ञ मुळात पचनावर काम करायचा, 1904 चं नोबेलही त्याला त्यासाठीच मिळालं. मेट्रोनोमची, म्हणजे संगीतात ठेका धरायच्या यंत्राची, टिकटिक ऐकवायची, मग खाणं द्यायचं, असं बऱ्याचदा केलं की नुसत्या टिकटिकीने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. कुत्रा काही विचारबिचार करून लाळ गाळत नाही, ती आपोआप येते, माझे हात गार पडले तसंच. केमोथेरपी घेणाऱ्या काही पेशंटना औषध टोचायच्या आधीच, नुसतं हॉस्पिटल दिसलं तरी मळमळतं, तेही हेच. म्हणून कुणी असं घाबरलं की त्याला 'मनावर घेऊ नकोस' सांगणारे लोक मला अजिबात पटत नाहीत, कारण यात मनावर घेण्याचा प्रश्नच येत नाही हो, मनाला कळायच्या आत शरीराचं करून झालेलं असतं.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग, जो फारसा कुणी सांगत नाही. टिकटिक वाजवत राहायचं आणि खाणं द्यायचंच नाही, असं केलं की लाळ कमी होत होत थांबते. वाटतं, कुत्रा विसरला. पण मध्ये थोडा वेळ जाऊ दिला आणि परत टिकटिक वाजवली तर लाळ परत येते! म्हणजे जुनी गाठ सुटलेलीच नसते, तिच्यावर 'आता काही होत नाही' असं एक नवं शिकणं बसलेलं असतं. आणि हे नवं शिकणं जागेला फार चिकटून असतं. 1979 मध्ये बाउटन आणि बोल्स या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं की एका ठिकाणी बसलेली भीती दुसऱ्या ठिकाणी घालवली, तरी उंदीर पहिल्या जागी परत गेला की ती परत दिसते. 'इतकी वर्षं झाली, अजून कसं काय' असं स्वतःला विचारून मी जो त्रास करून घेत होते, तो हे वाचल्यावर खूप कमी झाला.

मग मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईबद्दल वाचलं. 1924 मध्ये तिने सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाबद्दल लिहिलं. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा, घाई नाही. शेवटी तो सशाला आपली बोटं कुरतडू देत होता.

मी ती रिंगटोन परत डाउनलोड केली, आधी दोन दिवस आवाज अगदी बारीक ठेवून नुसती ऐकली आणि मग फक्त बाबांच्या नंबरला लावली. ते रोज संध्याकाळी फोन करतात, काहीतरी फुटकळ विचारायला. पहिला आठवडा जड गेला, फोन उचलताना तळहाताला घाम यायचा, पलीकडून 'अगं, जेवलीस का' ऐकलं की श्वास खाली बसायचा. दुसऱ्या आठवड्यात बरंच कमी झालं. मग बाबा चार दिवस बाहेरगावी गेले, तिथे रेंज नव्हती, फोन नाही, आणि पाचव्या दिवशी रिंगटोन वाजली तेव्हा परत तीच धडधड! पण या वेळी मी घाबरले नाही, कारण हे येणार हे मला माहीत होतं. फोन उचलला. बाबांना चष्म्याचा डबा सापडत नव्हता, वीस मिनिटं आम्ही तोच शोधत होतो, ते तिकडे आणि मी इकडून सांगत.