येळवसचं ताट रात्री मांडलं तर

लातूरहून तुळजापूर रस्त्याने वीसेक किलोमीटरवर औसा. तिथून आत वळलं की शेतातल्या एका जुन्या वाड्यात आता हॉटेल आहे. दगडी जोतं, सागवानी खांब, अंगणात कंदील. वेळ अमावस्येच्या (म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या, बोलीत येळवस) रात्री 'येळवस स्पेशल' ताट, माणशी 850 रुपये, नोंदणी आधीच करायची. मांडणी देखणी होती, जेवण मात्र फसलं.

मुळात हे जेवण दुपारचं आणि शेतातलं. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभं राहतं, आत पांडव म्हणून पाच दगड मांडतात, पूजा होते, आंबील शिंपडतात, मग पंगत. सगळा स्वयंपाक त्या वेळेच्या हिशेबाने आदल्या रात्रीच सुरू होतो.

आंबिलीचंच घ्या. वाटीभर ज्वारीचं पीठ गार पाण्यात कालवायचं, चार वाट्या उकळत्या पाण्यात हलवत सोडायचं, शिजवायचं. पूर्ण निवल्यावरच चारेक वाट्या ताक, ठेचलेलं आलं-लसूण, जिरं, मीठ. गरम असताना ताक घातलं की ते फुटतं. रातभर मडक्यात राहिली की दुपारपर्यंत बेताची आंबते. रात्रीपर्यंत ठेवली तर जास्तच आंबट होते. वाड्यातली आंबील फ्रीजमधून आली होती. वर पाणी, तळाला पिठाचा घट्ट थर, आणि आंबटपणा लपवायला साखर. आंबिलीत साखर! चमचा मारूनही ती एकजीव होईना.

खरं दुःख भज्जीचं, म्हणजे ओले दाणे आणि पालेभाज्यांच्या मिसळ भाजीचं. तुरीचे ओले दाणे, सोलाणे (ओला हरभरा), वाटाणे, वालाचे दाणे आधी नुसत्या पाण्यात मऊ शिजवायचे, मग मेथी, पालक, कांद्याची पात, वांगं, गाजर. चिंचेचा कोळ सगळ्यात शेवटी, कारण आंबट लागलं की दाणा पुढे शिजत नाही. पाण्यात कालवलेलं बेसनही तेव्हाच, आणि ते घातल्यावर दहा-बारा मिनिटं खदखदलंच पाहिजे. वर तेलात करपू न देता लालसर केलेल्या लसणाची फोडणी. इथे चिंच लवकर पडली होती. तुरीचा दाणा बोटांत दाबला तर साल सुटली, आतला गर तसाच टणक. बेसनाच्या गुठळ्या, त्यांना कच्चा वास.

बाजरीची भाकरी कडवट होती. बाजरीचं दळण आठवड्यावर गेलं की कडू होतंच. गव्हाच्या खिरीतही तीच घाई. गहू मऊ होण्याआधी गूळ घातलेला, त्यामुळे दाणा चामट. त्यात उकळत्या गुळावर दूध ओतल्याने फुटलेलं. दूध खीर निवल्यावर ताटात वेगळं वाढायचं असतं.

शेंगदाण्याची चटणी तेवढी ताजी कुटलेली होती, अगदी मन लावून केलेली.

अशा ठिकाणी नोंदणी करताना आंबील कधी शिजवणार, दाणे ओले की फ्रोझन आणि पंगत दुपारी लावाल का, हे आधी विचारा. आणि त्या दिवशी बारा ते दोनच्या सुमारास औशाच्या शिवारातून जात असाल तर गाडी हळू चालवा. कोपीतून हाक आली की थांबा. वाटसरूला जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत, आणि आंबील थेट मडक्यातून ओततात.