एम४२ ॲडॉप्टरला शिम: २८ मिमीची इन्फिनिटी जागेवर आली

एम४२ माउंटची, म्हणजे आटे फिरवून बसवायची, जुनी सुपर-टाकुमार २८ मिमी एफ/३.५ लेन्स ॲडॉप्टर लावून सोनी ई-माउंटच्या मिररलेस कॅमेऱ्यावर विनातक्रार चालते. मेनूत लेन्सशिवाय शटर उघडायची परवानगी दिली, स्टॅबिलायझेशनला फोकल लेन्थ हाताने भरली, लेन्सवरचा खटका मॅन्युअलवर ठेवला, झालं. अडत होतं ते लेन्सवरच्या अंतराच्या स्केलवर. दूरच्या टॉवरवरचा दिवा इन्फिनिटीच्या (अनंत अंतराच्या) खुणेऐवजी आठ मीटरच्या आसपासच शार्प व्हायचा आणि रिंग शेवटपर्यंत फिरवली की परत फुगायचा.

म्हणून व्हर्नियर काढला. एम४२ चं फ्लँज अंतर (माउंटपासून सेन्सरपर्यंतचं) ४५.४६ मिमी, ई-माउंटचं १८. तेव्हा ॲडॉप्टरची जाडी २७.४६ हवी. गोल फिरवत चार बाजूंनी मोजली तर सगळीकडे २७.३६ च्या आगेमागे. निदान तिरका तरी नाही, नाहीतर एक कोपरा कायम मऊ आला असता.

ही कमतरता बहुतेक वेळा मुद्दाम ठेवलेली असते. ॲडॉप्टर जाड निघाला तर लेन्स इन्फिनिटीला पोचतच नाही आणि गिऱ्हाईक लगेच ओरडतं. पातळ निघाला तर कुणाला पत्ताही लागत नाही.

फरक किती पडतो, ते लेन्सवर आहे. फोकल लेन्थच्या वर्गाला कमी पडलेल्या ०.१ मिमीने भागा, स्केलवर इन्फिनिटी कुठे येते ते कळतं: ५० मिमीची इन्फिनिटी २५ मीटरवर सरकते, १३५ ची १८० मीटरच्या पुढे (तिथे स्केलवर खूण तरी कुठे असते!), पण २८ ची थेट ७.८ मीटरवर. वाइड लेन्सवाल्यांनीच याची काळजी करायची.

पीकिंग (शार्प कडा रंगवून दाखवणारी सोय) आहे, मोठं करून बघता येतं, मग स्केल कशाला? तर झोन फोकससाठी. रिंग ३ मीटरवर ठेवायची आणि फाइंडरला डोळा न लावता फोटो घ्यायचा. या ॲडॉप्टरवर ३ ची खूण खरं तर जवळजवळ ५ मीटरवर फोकस करत होती. एफ/८ ला डेप्थ ऑफ फील्ड सांभाळून घेते; एफ/३.५ ला मात्र माणूस जेमतेम आणि त्याच्या मागची पाटी खणखणीत.

माझ्या ॲडॉप्टरची मागची, कॅमेऱ्यात अडकणारी बायोनेट रिंग चार स्क्रूंनी बसवलेली आहे. ती काढली, शिम म्हणून ०.०५ मिमी पितळी पत्र्याच्या दोन अखंड चकत्या कापल्या, स्क्रूंसाठी भोकं पाडली आणि मध्ये घातल्या. तुकडे चिकटवून भागवू नका, माउंट कलतो. कापलेली कड दगडावर घासून घ्या. पितळेची बारीक कीस सेन्सरवर गेली तर महागात पडेल. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले.

आता तोच दिवा शेवटच्या थांब्याच्या केसभर अलीकडे शार्प होतो. तेवढी फट मुद्दाम ठेवली आहे. टेपने मोजून ३ मीटरवर ठेवलेलं पुस्तक ३ च्या खुणेवरच वाचता येतं.

डीएसएलआरवाल्यांना हा खेळ फारसा जमणार नाही. कॅनन ईएफचं अंतर ४४ मिमी, त्यामुळे ॲडॉप्टर म्हणजे नुसती दीड मिमीची चकती, उघडायला काही नाहीच. निकॉन एफचं ४६.५, म्हणजे एम४२ पेक्षाच जास्त. तिथे ॲडॉप्टरमध्ये काच असल्याशिवाय इन्फिनिटी मिळत नाही, आणि ती काच चित्राची धार घालवते.

पेंटॅक्सच्या के-माउंट लेन्ससाठीचा माझा ॲडॉप्टर एकसंध निघाला. त्याला शिम घालायला सांधाच नाही, तो बदलावा लागेल.