परतीची मोजणी: उजनीकाठचा सातवा रविवार

हिवाळा संपवून परत निघालेले पाहुणे पक्षी मी दर रविवारी उजनी धरणाच्या काठावर मोजते. आज सकाळी ६:४० ते ९:१५, कुंभारगावचा काठ. पट्टकादंब (बार-हेडेड गूज) सलग तिसऱ्या रविवारी शून्य, तेव्हा त्यांचा रकाना या हंगामापुरता बंद करते. शेवटचे नऊ पक्षी मार्चच्या मध्याला दिसले होते. इथले नावाडी त्यांना राजहंस म्हणतात, आणि हिमालय ओलांडताना ७,००० मीटरच्या वर उडणाऱ्या पक्ष्याला ते शोभतंही. थापटे आणि तलवार बदकंही जवळजवळ संपली. भुवई बदकं मात्र आज ४३, जानेवारीत इथे चारही नव्हती; ही परतीच्या वाटेवरची.

मुद्दा हाच आहे. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत, आपला पक्षी सप्ताह नोव्हेंबरात. येणाऱ्यांचं आणि राहणाऱ्यांचं कौतुक होतं, निघालेल्यांना कोणी मोजत नाही. नावाडीदादांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "ताई, मोजून काय करता? ती तर चाललीत की." चाललीत म्हणूनच, दादा.

पहिले दोन रविवार वायाच गेले म्हणा. बाभळीखालचा एक दगड मी मोजणीची जागा म्हणून धरला होता. उजनीचं पाणी उन्हाळ्यात कसं उतरतं ते तुम्हाला माहीत आहेच. तिसऱ्या रविवारी दगडापुढे नुसता गाळ, त्यात कुणाची तरी गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी), आणि पक्षी दुर्बिणीतही मोहरीएवढे. मी वहीत बिनधास्त लिहिलं होतं, "संख्या घटली." घटली कसली, लांब गेली होती. तेव्हापासून दोन नियम केले. पाण्याच्या कडेपासून साधारण शंभर पावलं मागे उभं राहायचं, आणि प्रत्येक नोंदीपुढे त्या दिवशीचा धरणाचा टक्का लिहायचा. ११७ टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून जास्त साठा मृत धरला जातो आणि टक्का फक्त त्यावरच्या पाण्याचा असतो, त्यामुळे पुढे टक्का उणे झाला तरी काठ असतो आणि पक्षीही असतात. फक्त काठाची जागा बदलते. ओल्या गाळावर चालताना खाली बघा, छोट्या पाणभिंगऱ्यांची अंडी उघड्यावर असतात आणि ढेकळांसारखीच दिसतात.

आता या हंगामातली खरी गंमत. काळ्या शेपटीचे मालगुजे, म्हणजे आपले गॉडविट, पाचव्या रविवारी ६४, सहाव्या ६१, आज ६६. मी म्हटलं, तोच थवा मुक्काम ठोकून बसलाय. वही धरायला माझी भाची येते. तिचा अक्षराशी छत्तीसचा आकडा, पण नजर पक्की. ती म्हणाली, "मावशी, आज लाल कमी आहेत गं."

विणीच्या रंगात आले की यांची मान आणि छाती विटकरी होते. सुदैवाने दोन रविवार तिने वहीच्या कडेला लालांचे टिंब काढून ठेवले होते. पाचव्या रविवारी ९ लाल, सहाव्या ३१, आज फक्त ४. लाल झालेला पक्षी आठवड्यात पुन्हा राखी होत नाही. म्हणजे २७ तरी गेले. गेल्या वेळी राखी ३० होते, आज ६२, म्हणजे किमान ३२ नवे आले. बेरीज तीच, पक्षी वेगळे. थव्याचा आकडा स्थिर दिसतो म्हणून आपण "मुक्कामी" लिहितो, आणि ते चक्क धर्मशाळेतले पाहुणे निघतात.

एक अडचण आहे. हे नवे ३२ दक्षिणेकडून आले की याच जलाशयाच्या दुसऱ्या टोकाकडून, हे एका काठावरून सांगता येत नाही. डिकसळच्या पुलाकडे किंवा पळसदेवच्या बाजूला कोणी त्याच सकाळी उभं राहिलं तर बरं होईल. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना आकड्याखालच्या टिपेत "पैकी लाल इतके" एवढं लिहा. कुरवांचंही (गल पक्ष्यांचंही) तसंच करता येतं: काळ्या डोक्याच्या कुरवांत डोकं पूर्ण काळं झालेले किती, ते वेगळं मोजा. आज माझ्याकडे २२ पैकी १९.

साडेआठनंतर गाळावर ऊन नाचायला लागतं, टिलवे आणि तुतवार यांच्यात फरक कळत नाही. तेव्हा लहान चिखलपक्ष्यांपासून सुरुवात करायची, बदकं शेवटी. एका दलदली भोवत्याने, म्हणजे शिकारी पक्ष्याने, आज दोनदा सगळं उडवलं आणि दोनदा मला पहिल्यापासून मोजावं लागलं. शिवाय मधेच "फ्लेमिंगो कुठे आहेत?" असं विचारायला तीन गाड्या थांबल्या. रोहित मोजले, १४०, पण ते या हिशोबात नाहीत. ते उन्हाळाभर रेंगाळतात.

परतताना बाभळींवर भोरड्या, म्हणजे पळसमैना. ज्वारी निघाली, गोफणी खुंटीला गेल्या, पळसाचा बहरही ओसरला, तरी चारेकशे होत्या. दहा-दहाचे गठ्ठे करून मोजल्या, आणि थवा वळला की पुन्हा चुकले. फोटोवरून भाची ४६० म्हणते. वहीत तिचा आकडा लिहिलाय.

पुढचा रविवार आठवा. टेलिस्कोपच्या तिकाटण्याचा एक पाय गाळात वाकलाय, तो तेवढ्यात सरळ झाला तर ठीक, नाहीतर नावेतून.